काटा वर चाललाय, बॉस!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हल्ली एक नवी जमात दिसते. पँट फॉर्मल, शर्ट कडक इस्त्रीचा, पण बुटाच्या शिवणीत लाल माती. विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘अगं, वीकेन्डला वेल्ह्याला गेलो होतो. फुल टू ऑफ-रोडिंग!’ मग मोबाइल बाहेर येतो. ओढ्यातून पाणी उडवत जाणारी गाडी, चिखलात रुतलेली गाडी, टपावर चढलेले मित्र. एक फोटो मात्र त्यात कधीच नसतो. बॉनेट उघडं, आतून भसाभसा वाफ आणि भोवती कमरेवर हात ठेवून उभे असलेले चार इंजिनिअर. चौघंही सॉफ्टवेअरवाले.

तो फोटो कुणी काढत नाही, पण तो सीन घडतो. पाबे घाटात घडतो, भट्टीच्या चढावर घडतो, भोरहून वरंधकडे जाताना नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनंही घडतो. आणि त्यावर जो तो एकच इलाज सांगतो : ‘थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्याकडे काय त्याचं काम?’ आजचा कॉलम या एका वाक्याविरुद्ध आहे.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. फिजिक्सशी माझा संबंध बारावीत संपला आणि मास कॉमला इंजिन शिकवत नाहीत. पण गेली तीन-चार वर्षं मित्रांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून भोर-वेल्हे पालथं घातलंय आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसून प्रश्न विचारायची माझी हौस दांडगी आहे. त्यातून जे कळलं, ते तुमच्यापुढे.

गाडी इथेच का तापते?

पुण्यातून वेल्ह्याला जायचे दोन लोकप्रिय रस्ते. एक, सातारा हायवेनं नसरापूर, तिथून आत मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. दुसरा, सिंहगड रोडनं खडकवासला, खानापूर आणि मग पाबे घाट चढून पलीकडे. (राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली, पण गाडीवाल्यांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. मीही तेच म्हणतेय.)

पहिल्या रस्त्यानं गेलात तर हायवेवर गाडी मजेत असते. ऐंशीच्या स्पीडला समोरून येणारा वारा रेडिएटरवर आदळतो. फुकटचा पंखा! काटा मध्याच्या जरा खाली, अगदी गुणी बाळासारखा. घाट लागला, की खेळ पालटतो. स्पीड पंधरा-वीस. वारा बंद. इंजिन मात्र पूर्ण ताकद लावतंय, कारण दीड-दोन टनांचं धूड, पाच माणसं आणि त्यांच्या सॅक वर ओढायच्यात. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी. आता सगळी भिस्त इंजिनच्या पंख्यावर. ‘फोर लो’ टाकून दगडाधोंड्यातून गोगलगायीसारखं चढताना तर विचारूच नका.

त्यात पावसाळ्याची गंमत. भातखाचरांच्या कडेच्या वाटांवरचा चिखल बारीक आणि चिकट. तो उडून रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि परतीच्या वाटेवर इंजिनच्या उष्णतेनं भाजून निघतो. विटेसारखा. गाडी बाहेरून धुऊन चकाचक करतो आपण, पण एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोघांच्या फटीत गेलेला चिखल तसाच राहतो. (भाताच्या खाचरातच गाडी घालणारे महाभागही आहेत. ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य असतं. प्लीज, नको.)

आणि स्टाइलचं काय? पुढे विंच, जाडजूड बंपर, चार गोल दिवे. दिसतं झक्कास. पण वारा आत शिरायची जागा तीच असते, राव. दिवे लावायचेच तर ग्रिलच्या समोर नकोत.

भाटघरचे दरवाजे आणि इंजिनचा दरवाजा

भोरजवळचं भाटघर धरण बघितलंय ना? त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं, की ते आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही. ‘पाण्यानंच पाण्याला वाट करून द्यायची’ असा फंडा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनमधला असाच एक दरवाजा. लिंबाएवढा. आत मेणाची छोटी डबी. इंजिन थंड असतं तेव्हा मेण घट्ट आणि दरवाजा बंद. कूलंट इंजिनच्या आतल्या आतच फिरतं, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. तापमान साधारण ८२ अंशांवर गेलं (काही गाड्यांत ८८), की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दरवाजा उघडतो. गरम कूलंट वरच्या पाइपानं रेडिएटरमध्ये जातं, थंड होतं, खालच्या पाइपानं परत येतं. फार थंड झालं, की दरवाजा पुन्हा मिटायला लागतो. ना वायर, ना बॅटरी. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेटनं १९३० च्या दशकात मेणाची ही युक्ती काढली आणि आजही बहुतेक गाड्यांत मूळ कल्पना तीच आहे.

‘पण गरम कशाला करायचं इंजिन? थंडच बरं की!’ हा माझाही पहिला प्रश्न होता. तर नाही. थंड इंजिनात ऑइल जाड राहतं, इंधन नीट जळत नाही, डिझेल गाडी धूर ओकते, ॲव्हरेज पडतं आणि आतले भाग लवकर झिजतात. इंजिनलाही आपल्यासारखंच आहे. ३७ अंश म्हणजे तब्येत ठीक, ३४ ही काळजीचे आणि ४१ ही काळजीचे.

आता झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशाला उकळतं आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. म्हणजे घाटमाथ्यावर ९७-९८ लाच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. हा दाब आणि निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण, दोन्ही मिळून उकळबिंदू १२० अंशांच्या पुढे नेतात. झाकणाचा रबर कडक होऊन फाटला, तर हा सगळा फायदा वाफेबरोबर हवेत. छोटी चीज, पण सगळ्यात आधी बघायची.

‘काढून टाका ना तो!’

आता एका जीपची गोष्ट. माझ्या मित्रानं सेकंडहँड घेतलेली जुनी डिझेल जीप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पाबे घाटात ती दर वेळी तापायची. हायवेला ठीक, शहरात ठीक, घाटात तिसऱ्या वळणावर काटा लालमध्ये. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये आधीच्या मालकानं दाखवली होती. तिथे थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. ‘आपल्याकडे काय बर्फ पडतो का?’ हे लॉजिक. तरी गाडी तापतच होती आणि वर थंडीत सकाळी दहा-दहा मिनिटं पांढरा धूर.

एका शनिवारी दुपारी आम्ही ती कशीबशी थांबत थांबत घाट उतरवून वेल्ह्यात आणली. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर टांगलेले फॅन बेल्ट. गॅरेजवाले काका पन्नाशीचे. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मित्राला एकच प्रश्न विचारला, ‘कधी तापती?’

‘किती तापते’ नाही. ‘कधी तापते’. मला हा प्रश्न भयंकर आवडला. डॉक्टर नाही का विचारत, ताप कधी येतो? संध्याकाळी की रात्री?

‘घाटात,’ मित्र म्हणाला. ‘हायवेला नाही.’

‘मग पाणी फिरतंय. वारा कमी पडतोय,’ काका म्हणाले आणि पुढून टॉर्च मारला. कंडेन्सरमागे रेडिएटरची खालची निम्मी जाळी चिखलानं लिंपलेली. मग इंजिन बंद असताना अंगठ्यानं फॅन बेल्ट दाबून बघितला. लोंबकळत होता आणि कडा काचेसारख्या गुळगुळीत. म्हणजे हायवेवरचा फुकटचा वारा होता तोवर भागत होतं. घाटात पंख्याची वेळ आली, की बेल्ट घसरायचा, पंखा मनापासून फिरायचाच नाही. त्याच बेल्टवर वॉटर पंप, म्हणजे कूलंटही ढिलं. थर्मोस्टॅटचा यात काडीचा संबंध नव्हता.

मी विचारलं, ‘काका, मग तो काढल्यानं निदान मदत तरी होते का?’

‘ताई, उलटं. ह्या इंजिनाला बायपास हाय. वॉल उघडला की बायपास बंद करतो. वॉलच नाही म्हटल्यावर निम्मं गरम पाणी रेडिएटरला जातंच नाही, तिथल्या तिथं गरागरा फिरतंय.’

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं जोरात पळतं, की थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असंही काही लोक छातीठोकपणे सांगतात. ती अफवा. खरं कारण हा बायपास. सगळ्या इंजिनांत अशी रचना नसते, पण ज्यांत असते त्यांत थर्मोस्टॅट काढल्यावर सपाट रस्त्याला इंजिन नको इतकं थंड आणि घाटात नको इतकं गरम, असा दुहेरी तोटा होतो.

चहा आला. काकांकडे आमच्यासारखे वीकेन्डवाले क्वचित येतात. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक वडापच्या जीप. ‘सकाळच्या पयल्या फेरीला कालेजची पोरं असत्यात. रात्री-अपरात्री कुणा बाईला कळा सुरू झाल्या, तरी तीच गाडी काढायची. पावसात रस्त्यात बंद पडली तर काय करनार? म्हनून आपन काय काढून टाकत नाही. बसवतो.’

आमच्यासाठी तो एक वाया गेलेला शनिवार होता. त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी काटा वर जाणं म्हणजे काय, हे त्या दोन वाक्यांत कळलं. जीपचा शौक करायला आपण ज्या रस्त्यांवर जातो, ते कुणाचे तरी दवाखान्याचे आणि शाळेचे रस्ते आहेत. तिथे अरुंद वळणावर आपली बंद गाडी आडवी उभी राहिली, तर अडकणारे आपण एकटे नसतो.

काकांनी रेडिएटर आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पुढे, साध्या पाइपानं धुतला. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला, की पातळ पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. बेल्ट नवा टाकला. थर्मोस्टॅट त्यांच्याकडे नव्हता. ‘नाना पेठंतून आणा, नंबर बघून,’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात आणला. किंमत? एका बऱ्यापैकी पिझ्झ्याएवढी. त्यानंतर ती जीप एसटीच्या मागे सेकंड गियरमध्ये अख्खा पाबे घाट चढली आणि काटा मध्याच्या वर गेला नाही. सकाळचा धूरही गेला.

कधी तापते? चार उत्तरं

काकांचा प्रश्न घरी नेऊन मी अजून दोन-तीन मेकॅनिकना विचारला. सगळ्यांचं तात्पर्य जवळपास एकच निघालं.

*हळू चालवताना तापते, हायवेला नाही :* वाऱ्याचा प्रॉब्लेम. फॅन बेल्ट, इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याचा फ्यूज, रिले किंवा सेन्सर, मोठ्या डिझेलमध्ये पंख्याचा व्हिस्कस क्लच. आणि जाळीतला चिखल.

*हायवेला किंवा लांब चढाला तापते, नुसती उभी असताना नाही :* पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून क्षारानं चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, वॉटर पंप दमलेला किंवा खालचा होज पाइप मऊ पडून आतल्या आत चिकटणारा.

*काटा वर-खाली नाचतो :* कूलंट कमी किंवा आत हवा अडकलीये. थर्मोस्टॅट अडखळत उघडत असेल तरी असं होतं.

*गाडी तापतच नाही, हिटर कोमट, ॲव्हरेज पडलं :* थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा कुणीतरी आधीच ‘काढून टाकलाय’!

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर ओळख अशी : काटा लालच्या दिशेनं, वरचा होज पाइप इंजिनपाशी चटका देणारा आणि रेडिएटर व खालचा पाइप मात्र जवळजवळ गार. हात इंजिन बंद करूनच लावा. इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो, तेव्हा बोटं सांभाळून.

आणि एक धोक्याची खूण. कूलंट बाहेर कुठे गळताना दिसत नाही, तरी कमी होतंय. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस. टाकीत बुडबुडे. हे म्हणजे हेड गॅस्केट. तिथे जुगाड बंद, गाडी टो करून न्यायची. हेड उतरवण्याचं बिल ईएमआयच्या काही हप्त्यांच्या घरात जातं. ते टाळण्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप.

घाटात काटा चढला तर

आता प्रॅक्टिकल. तुम्ही भट्टीचा चढ चढून केळदकडे निघालात, मढे घाटाचा धबधबा बघायचा प्लॅन आहे आणि काटा वर सरकायला लागला.

पहिलं काम, एसी बंद. दुसरं, काचा खाली आणि हिटर फुल. हो, हिटर! हिटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तुम्हाला घाम फुटेल, पण इंजिनची थोडी उष्णता तुमच्या पायांवर निघून जाईल. तिसरं, वरच्या गियरला गाडी घुसमटवू नका. खालचा गियर टाका. इंजिनचे फेरे वाढले, की बेल्टवरचा पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात.

तरीही उतरत नसेल तर थांबा. ‘समोरच तर आहे, एवढं वळण काढू’ हे सगळ्यात महागडं वाक्य आहे. वळण सोडून, मागून दिसेल अशा रुंद जागी गाडी घ्या, हँडब्रेक लावा, चाकामागे दगड. (निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. मागून येणारा बाइकवाला तुमचा कुणीच लागत नाही, तरी.)

वाफ नाही, कूलंट सांडलेलं नाही, काटा नुकताच चढलाय, तर इंजिन न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बघा. पंखा आणि पंप फिरत राहतात. काटा उतरला तर ठीक. वाफ दिसतेय, पाणी गेलंय किंवा बेल्ट तुटलाय, तर क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद.

पुढचा अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर असतं. झाकण सैल केलं, की त्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. भाजलेल्या माणसाला तिथून दवाखान्यात न्यायला किती वेळ लागेल, ते नकाशावर बघा. तापल्या इंजिनवर ओढ्याचं गार पाणी ओतणं हाही वेडेपणा. गरम काचेच्या ग्लासचं काय होतं? हेडचंही तेच होऊ शकतं.

गार झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळू उघडा. इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं घाला, म्हणजे आतली हवा निघेल. अडचणीत साधं पाणी चालतं. पण बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात, तेव्हा घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. निम्मं-निम्मं. निव्वळ कूलंट ओतलं म्हणजे जास्त गारवा, असं नाही. उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. आणि हिरवं, लाल, निळं यांचं कॉकटेल नको. रंगावर जाऊ नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्या.

जुनं कूलंट ओढ्याकाठी ओतायचं नाही, हे तर सांगायलाच नको. सांगतेय, कारण बघितलंय. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री ते चाटतात. खालच्या वाडीत तोच ओढा पाणी पाजतो. डब्यात भरून गॅरेजला परत न्या.

एक गोंधळ मात्र आधीच डोक्यात पक्का करा. काटा लालवरून एकदम खाली आला, म्हणजे ‘हुश्श’ करू नका. कूलंट पार निघून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. बॉनेटखालून वास येतोय, इंजिन टकटकतंय आणि काटा म्हणतोय ‘ऑल इज वेल’, तर विश्वास वासावर ठेवा.

पातेल्यातली टेस्ट

थर्मोस्टॅट खरंच बिघडलाय का, हे घरच्या गॅसवर कळतं. एक जुनं पातेलं (परत स्वयंपाकात न येणारं, नाहीतर आई तुम्हालाच काढून टाकेल), पाणी आणि बुडवता येईल असा थर्मामीटर. ताप मोजायचा नाही, तो १०० पर्यंत जाणारा. थर्मोस्टॅट दोऱ्यानं पाण्यात लोंबकळवायचा, तळाला टेकता कामा नये. पाणी तापवायला लागा. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यानंतर दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बाहेर काढला, की गार होत मिटला पाहिजे. उघडलाच नाही किंवा मिटलाच नाही, तर नवा आणा. बसवताना अंगावरचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवायला सांगा, म्हणजे हवा अडकत नाही. गॅस्केट किंवा रबर रिंग नवी.

२०१० ची पहिली थार किंवा जुनी जिप्सी असेल तर हे काम बऱ्यापैकी सोपं. २०२० ची नवी थार, २०२३ ची जिम्नी किंवा असल्या कुठल्याही बीएस-सिक्स गाडीत मात्र कॉम्प्युटर बसलाय. तापमान वाढलं, की तो आपणहून ताकद कमी करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. तिथे थर्मोस्टॅट काढलात, तर इंजिन गरमच होत नाही म्हणून कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहील आणि एरर देत बसेल. वॉरंटीचे वांधे वेगळेच. अशा गाडीला ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावून मोबाइलवर खरं तापमान बघता येतं. काट्यापेक्षा हा आकडा बरा, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधेच स्थिर ठेवलेला असतो. तो हलला, तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

डिकीत काय हवं?

पाच लिटर पाणी (पिण्याचं वेगळं). एक लिटर कूलंट. फॅन बेल्टचा जुना पण धड जोड. दोन-तीन होज क्लिप, स्क्रू ड्रायव्हर, होज पाइपावर गुंडाळायची सेल्फ-फ्यूजिंग टेप. पंख्याचे दोन फ्यूज. जाड फडकं, टॉर्च, हातमोजे. ओढा ओलांडायचा असेल तर ग्रिलपुढे बांधायला ताडपत्रीचा तुकडा, कारण खोल पाण्यात पंख्याची पाती वाकून रेडिएटरला भोसकू शकतात. पलीकडे पोचताच ताडपत्री काढा. ती तशीच ठेवून पुढे घाट चढणारे वीरही मी पाहिलेत!

सगळा खर्च मिळून एका सिनेमाच्या आउटिंगएवढा. निघण्याआधी, गाडी रात्रभर गार असताना, पाच मिनिटं द्या. टाकीत कूलंट दोन रेघांच्या मध्ये आहे का? झाकणाचा रबर मऊ आहे का? बेल्ट ताठ आहे का? होज पाइप दाबल्यावर कुरकुरतोय का? टॉर्चचा उजेड जाळीच्या आरपार जातो का?

आणि सेकंडहँड जीप घेत असाल, तर मालकाला ॲव्हरेज विचारायच्या आधी विचारा, ‘थर्मोस्टॅट आत आहे ना?’ तो हसून ‘त्याचं काय काम?’ म्हणाला, तर किमतीत घासाघीस करायला तुम्हाला एक चांगलं कारण मिळालं. हॅपी वीकेन्ड!